पूलच्या डेकचे पोपडे दरवेळी त्याच जागी निघतात? नवा थर देण्याआधी पोपडा उलटा करून बघा

पोहण्याच्या पूलभोवतीच्या काँक्रीटवर, म्हणजे डेकवर, नवा थर दिला की पहिले काही महिने बघत राहावंसं वाटतं. रंग एकसारखा, पायाला हवी तेवढी खरखर, भेग कुठे दिसत नाही. मग एके दिवशी काठालगत फोड आल्यासारखी एक जागा दिसते. अंगठ्याने दाबली की कट्‌कन मोडते आणि नखाएवढा पोपडा सुटतो. महिन्याभरात ती जागा तळहाताएवढी होते, आणि अनवाणी चालणाऱ्याला तिची धार लागायला लागते.

आमच्या घरी हे तीनदा झालं. पहिल्यांदा मालाला दोष दिला. दुसऱ्यांदा काम करणारी माणसं बदलली. तिसऱ्यांदा थर जाड करून घेतला, ३ ऐवजी ८ मिलिमीटर, म्हणजे आता तरी टिकेल. तोही निघाला. तिन्ही वेळा पोपडे निघाले ते काठाच्या दगडालगतच्या दोन वीत रुंदीच्या पट्ट्यात. बाकीचा डेक जसाच्या तसा होता. एकाच गोणीतला माल, एकाच दिवशी, एकाच हाताने लावलेला. मग तो एका जागी धरतो आणि दुसऱ्या जागी सोडतो, याचं कारण मालात असेल कसं? हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.

तुमच्याकडे पोपडे वारंवार निघत असतील तर पुन्हा गोणी आणण्याआधी पुढची तपासणी करून बघा. बहुतेक सगळी एका दिवसात होते आणि त्यासाठी हातोडी, खडू, पाणी आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा एवढंच लागतं.

पोपड्याची पाठ काय सांगते

सुटलेला पोपडा मोडू न देता उचला. चाकूचं पातं आडवं सरकवलं की तो अखंड येतो. आता उलटा करून उजेडात धरा आणि पाठीवरून बोट फिरवा.

पाठीला करडी भुकटी किंवा जुन्या काँक्रीटची पातळ साल चिकटून आली असेल, तर नव्या थराने आपलं काम केलंय. त्याने खालचं घट्ट धरलं होतं, पण खालचंच सुटलं. काँक्रीट ओतताना पृष्ठभागावर सिमेंट, बारीक माती आणि पाणी यांची एक साय येते. वर आलेलं पाणी आटायच्या आत थापी फिरवली, किंवा ते शोषून घ्यायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं, तर ही साय तिथेच वाळते. दिसायला गुळगुळीत आणि पक्की, पण नखाने खरवडली की पीठ निघतं. तिच्यावर कितीही भारी माल लावा, तो पिठावरच बसलेला असतो.

पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, खालच्या काँक्रीटचा कणही तिला लागलेला नसेल, तर थर मुळात चिकटलाच नव्हता. बहुतेक वेळा खाली जुन्या सीलरचा, म्हणजे पाणी अडवायला मारलेल्या लेपाचा, पडदा असतो. कधी सनस्क्रीनचा तेलकटपणा, कधी धूळ, कधी आम्लाने धुतल्यावर नीट न निघालेला चिखल. पोपडा निघाला त्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर सीलर किंवा तेल आहे. मिनिटभरात जिरून जागा काळसर झाली तर काँक्रीटची बारीक छिद्रं उघडी आहेत.

पाठ ओलसर असेल, तिच्यावर पांढरे दाणे किंवा कापसासारखे बारीक तंतू असतील, तर खालून पाणी येतंय. विटांच्या भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार. पाणी वर चढताना विरघळलेले क्षार सोबत आणतं, थराखाली थांबतं, आटतं, आणि क्षारांचे स्फटिक तिथेच वाढतात. त्या वाढण्याचा दाब थर उचलून टाकायला पुरेसा असतो. खाऱ्या पाण्याचा पूल असेल, म्हणजे क्लोरीन मिठापासून तयार करणारं यंत्र बसवलेलं असेल, तर दर लिटर पाण्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं. चवीला ते समुद्रापेक्षा कितीतरी कमी, पण काठावर दिवसातून वीस वेळा शिंपडलं जातं आणि दर वेळी वाळून मीठ मागे ठेवतं.

चौथी शक्यता थोडी वेगळी आहे. पोपडा थराच्या मध्यातूनच फाटतो, अर्धा हातात आणि अर्धा डेकवर. तसं असेल तर दोष खरोखर मालात किंवा तो कालवण्यात आहे. बहुधा पाणी जास्त झालेलं असतं, नाहीतर घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल केलेला असतो.

माझ्या हातातल्या पोपड्याची पाठ अर्धी चकचकीत होती आणि काठाकडच्या बाजूला पांढरे तंतू होते. दोन आजार एकाच जागी. म्हणूनच एकावर उपाय करून भागलं नव्हतं.

हातोडीने वाजवून नकाशा काढा

डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पट भाग आतून सुटलेला असतो. लहान हातोडी किंवा जाड सळई घेऊन डेक वीतभर अंतराने वाजवत चला. मडकं विकत घेताना वाजवतो तसं. पक्की जागा खणखणीत वाजते, सुटलेली जागा बद्द वाजते. मोठा डेक असेल तर जाड लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत न्या, आवाज बदलला की कळतं. बद्द जागांभोवती खडूने रेघ ओढा आणि शेवटी थोडं लांब उभं राहून सगळा आकार बघा.

या आकारावरून बरंच कळतं. खुणा काठालगत रांगेत असतील तर सांध्याकडे संशय. सगळ्या डेकभर विखुरलेल्या असतील तर पूर्वतयारी कच्ची राहिली. एका कोपऱ्यात, झाडांच्या वाफ्यालगत किंवा छपराचं पाणी पडतं तिथे गोळा झाल्या असतील तर त्या बाजूने ओल येतेय. आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना वेलीसारख्या गेल्या असतील तर खालचा स्लॅब हलतोय. तिथे वरून काहीही लावून उपयोग नाही.

खालून ओल येते की नाही याची खात्री करायला साधारण ४५ सेंटिमीटर बाजूचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन उघड्या काँक्रीटवर ठेवा आणि चारही कडा टेपने सील करा. कमीत कमी १६ तास ठेवा. थेट उन्हात ठेवू नका, तिथे निकाल फसवा येतो. काढताना प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील किंवा काँक्रीट काळपटलं असेल तर ओल आहे. हा तुकडा एक काठाजवळ आणि एक पूलपासून लांब असा दोन ठिकाणी लावा. दोन्हींतला फरक बघितला की पाणी कुठून येतंय याचा अंदाज येतो.

खरा चोर: काठ आणि डेक यांच्यामधला सांधा

काठाचा दगड किंवा कोपिंग पूलच्या भिंतीवर बसलेलं असतं. डेकचा स्लॅब मातीवर बसलेला असतो. ऊन-थंडीने, मातीच्या फुगण्या-बसण्याने दोघांची हालचाल वेगवेगळी होते, म्हणून त्यांच्यामध्ये मोकळी फट ठेवायची असते आणि ती लवचिक सीलंटने भरायची असते. ही फट स्लॅबच्या पूर्ण जाडीत तळापर्यंत आरपार हवी. वरवर घेतलेली खाच तिचं काम करत नाही.

आमच्या डेकला ती फट होती, पण कुणीतरी ती सिमेंटच्या मालाने गच्च भरलेली होती आणि नवा थर तिच्यावरून ओढून थेट काठाच्या दगडाला भिडवला होता. दिसायला अतिशय नीटस. मी खाली बसून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघितलं तेव्हा माल आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी चीर दिसली, काठाच्या एका बाजूला सलग. तिच्यावर पेलाभर पाणी हळूहळू ओतलं. ते पलीकडे वाहून गेलं नाही, जागच्या जागी गडप झालं. म्हणजे पूलमधून उसळलेलं सगळं पाणी इतकी वर्षं या चिरेतून स्लॅबच्या खाली आणि कडेतून स्लॅबच्या आत जात होतं, आणि ऊन पडलं की वरच्या थरातून बाहेर पडायची वाट शोधत होतं.

यातून पुढे आणखी वाईट साखळी सुरू होते. खाली गेलेलं पाणी भरावाची माती बसवतं. स्लॅबची काठाकडची बाजू थोडी खचते. बाहेरच्या बाजूला असलेला ढाळ पूलकडे वळतो. मग डेकवर पडलेलं प्रत्येक बादलीभर पाणी त्याच चिरेकडे धावतं. पाणसळ ठेवून बघा. ढाळ दर मीटरला साधारण २० मिलिमीटर, पूलपासून दूर जाणारा हवा. बुडबुडा उलटा सांगत असेल तर नुसतं सीलंट बदलून प्रश्न सुटणार नाही.

उलटी गोष्टही खरी आहे. सांधा कडक मालाने भरलेला असेल आणि उन्हात डेक फुगला, तर तो काठाच्या दगडाला पूलच्या दिशेने ढकलतो. पाण्याच्या पातळीजवळच्या टाइल्सना सरळ आडवी भेग जात असेल, किंवा दगड हलत असतील, तर टाइल लावणाऱ्याला बोलावण्याआधी हा सांधा तपासा.

सांधा दुरुस्त करताना जुना माल आणि सीलंट पूर्ण काढा. घाई करू नका, फटीच्या दोन्ही भिंती स्वच्छ आणि कोरड्या झाल्याशिवाय सीलंट धरत नाही. मी ओसिलेटिंग कटरने, म्हणजे पातं थरथरवून कापणाऱ्या यंत्राने, कापलं, आतले दगडगोटे हुकने ओढून काढले, तारेच्या ब्रशने भिंती घासल्या आणि वाळल्यावर ब्लोअरने धूळ उडवली. फट साधारण १२ मिलिमीटर रुंद ठेवली. मग तिच्यात बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवायची. ती फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची म्हणजे स्वतःहून घट्ट बसते. या दोरीची दोन कामं आहेत. एक, सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी राहते, म्हणजे १२ मिलिमीटर फटीला ६ मिलिमीटर. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं, तळाला चिकटत नाही. तिन्ही बाजूंना चिकटलेलं सीलंट फट रुंदावली की ताणलं जायला मोकळं राहत नाही आणि फाटतं. दोरी भोसकली जाणार नाही अशा बोथट वस्तूने दाबा, भोक पडलं तर तिच्यातून हवेचे फुगे वर येऊन सीलंटमध्ये खड्डे पडतात.

सीलंट पूलच्या पाण्यासाठी आणि काँक्रीटसाठी चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलंच घ्या. स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात ती साधी नळी इथे चालणार नाही. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, सीलंट भरून झाल्याबरोबर ओलं असतानाच टेप काढा. डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी लागू देऊ नका.

क्रम मात्र लक्षात ठेवा. फट आधी साफ करायची, तिच्यात तात्पुरती फोमची पट्टी घालून ठेवायची, मग डेकचं काम करायचं, आणि सीलंट सगळ्यात शेवटी. नवा थर फटीच्या कडेपर्यंतच येईल, तिच्यावरून जाणार नाही.

जुना थर काढणं आणि जमीन तयार करणं

बद्द वाजणारा सगळा भाग काढायचा, खणखणीत वाजणाऱ्या जागेत दोन-तीन इंच आत जाऊन. कडा तिरक्या, पातळ होत गेलेल्या ठेवू नका. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून चौकोनी रेघेत सरळ उभा काप घ्या, म्हणजे नव्या मालाला टेकायला कड मिळते. निमुळत्या होत जाणाऱ्या कडेला मालाची जाडी शून्यावर येते आणि पहिला पोपडा तिथूनच निघतो.

पृष्ठभाग तयार करण्यासाठी लोक दोन मार्ग सांगतात, आम्लाने धुणं आणि यंत्राने घासणं. माझं मत ठाम आहे: पूलच्या डेकला घासणंच बरं. आम्ल सिमेंट खातं, पण सीलर आणि तेल यांना ते काही करत नाही. जिथे सीलर आहे तिथे आम्ल टाकल्यावर फेसही येत नाही, आणि नेमकी तीच जागा तुम्हाला साफ करायची असते. शिवाय आम्लाने सुटलेले क्षार नीट धुतले नाहीत तर तेच नव्या थराखाली लोणा बनून येतात. घासताना डायमंड कप असलेला ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम वापरा, मोठ्या डेकला शॉट ब्लास्टिंगचं (बारीक छर्ऱ्यांचा मारा करणारं) यंत्र भाड्याने घ्या. घासून झाल्यावर हात फिरवला की जाड सँडपेपरसारखा लागायला हवा आणि वाळूचे कण उघडे दिसायला हवेत. काँक्रीटची धूळ फुप्फुसात कायमची राहते, त्यामुळे साधा कापडी मास्क चालत नाही. बारीक धूळ अडवणारा रेस्पिरेटर, चश्मा आणि कानांना संरक्षण, तिन्ही लावा.

तरीही आम्ल वापरायचंच असेल तर आधी पाणी घ्या आणि त्यात आम्ल ओता, कधीही उलटं नको. पूलच्या क्लोरीनच्या डब्याजवळ आम्ल नेऊ नका, दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून भरपूर पाण्याने धुवा, आणि हे पाणी पूलमध्ये जाऊ देऊ नका.

आणखी एक सावधगिरी, जी मला वायरमनने सांगितली आणि जी फारशी कुणी सांगत नाही. पूलच्या काठाजवळच्या स्लॅबमधली सळई, शिडीचे दांडे, पंप आणि दिवा हे तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेले असू शकतात. पाण्यात आणि काठावर विजेचा दाब एकसारखा राहावा, ओल्या अंगाला झटका बसू नये म्हणून ती जोडणी असते. काप घेताना किंवा फोडताना तांब्याची तार दिसली तर तिथेच थांबा. ती तुटली असेल तर जाणकार वायरमनकडून जोडून घेतल्याशिवाय वरून माल टाकू नका.

नवा थर देताना चुकतं ते इथे

घासलेली जमीन धुऊन, कामाआधी पाणी मारून तृप्त करायची, पण वर साठलेलं पाणी ठेवायचं नाही. काँक्रीट काळसर दिसावं आणि हाताला पाणी लागू नये. कोरडंठाक काँक्रीट मालातलं पाणी ओढून घेतं आणि माल जिथे चिकटायचा त्याच तळाशी कच्चा राहतो. पाणी साठलेलं असेल तर पाण्याचा पडदा मध्ये येतो. काही तयार माल कोरड्या जमिनीवर प्रायमर लावून वापरायचे असतात, तेव्हा गोणीवरचीच सूचना पाळा, दोन पद्धती एकत्र करू नका.

चिकटण्यासाठी जे द्रव्य लावाल त्याचा प्रकार वाचा. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटवर आधारलेला पांढरा गोंद ओलावा लागला की पुन्हा मऊ पडतो, पूलच्या काठावर तो वापरू नका. अ‍ॅक्रिलिक किंवा एसबीआर (कृत्रिम रबराचं) लेटेक्स चालतं. ते लावून ठेवून जेवायला जायचं नाही. पूर्ण वाळलेलं लेटेक्स चिकटवायच्या ऐवजी वेगळं करायचं काम करतं. ते चिकट असेपर्यंतच वर माल पडला पाहिजे, म्हणून जेवढं लगेच झाकू शकाल तेवढंच लावा. एकाने ब्रश मारायचा, दुसऱ्याने मागोमाग माल ओढायचा.

पाणी मोजून घाला. गोणीवर लिहिलेल्यापेक्षा अर्धा लिटर जास्त घातलं की माल पसरायला छान होतो, सगळ्यांना तोच मोह होतो, आणि पृष्ठभाग भुसभुशीत होण्याचं सर्वांत मोठं कारणही तेच आहे. जोराचा वारा आणि कडक ऊन टाळा. वारा उन्हापेक्षाही वाईट, तो वरचं पाणी इतक्या लवकर ओढतो की थराला जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. दुपार उतरल्यावर सुरू केलेलं काम जास्त सुखाने होतं.

खालच्या स्लॅबमध्ये जिथे जिथे सांधे आहेत तिथे नव्या थरातही सांधा उघडा ठेवा. सुरुवात करण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही टोकांना, डेकच्या बाहेर, खिळा किंवा खडूची खूण करून ठेवा. एकदा माल पसरला की सांधा नेमका कुठे होता ते सापडत नाही. झाकलेला सांधा थरातून वर येणारच, फरक एवढाच की तो वेडावाकडा येईल. हालचाल करणाऱ्या भेगांचंही तसंच, त्यांना रुंद करून लवचिक सीलंट भरा. वर्षानुवर्षं न हललेली केसाएवढी भेग इपॉक्सीने भरून झाकली तर चालते.

घोटणं कमी ठेवा. शेवटचा हात झाडूचा, ढाळाच्या आडव्या दिशेने, न थांबता एका ओढीत. पाण्याने ओल्या पायांना जी पकड लागते ती या बारीक रेघांतून मिळते. पोलादी थापीने काचेसारखा केलेला काठ दिसायला सुंदर असतो आणि धावत येणाऱ्या मुलाला आडवं पाडतो.

सीलरबद्दल थोडक्यात

चकचकीत पडदा तयार करणारं सीलर मी आता वापरत नाही. ते खालची वाफ अडवतं, पांढरट डाग धरतं आणि ओलं झालं की घसरतं. सिलेन किंवा सिलॉक्सेनवर आधारलेलं, आत मुरणारं सीलर घ्या. ते बाहेरचं पाणी आणि मीठ बऱ्यापैकी अडवतं आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतं. पृष्ठभागाचा रंग जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे लावलं की नाही तेही दिसत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायचं, जिरायला लागला की पुन्हा लावायची वेळ झाली.

क्लोरीनच्या गोळ्या किंवा त्यांचा डबा डेकवर ठेवू नका. ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळीवरून गळणारं पाणी आम्लधर्मी असतं आणि डब्याखालचं काँक्रीट कुरतडून वाळू उघडी पाडतं. आमच्या फिल्टरजवळचा गोल खड्डा असाच झाला होता.

स्लॅबच गेला असेल तर

हातोडीचा नकाशा निम्म्याहून जास्त भरला, तुकडे एकमेकांपेक्षा वरखाली झाले, किंवा ढाळ पूलकडे वळला, तर वरचा थर म्हणजे वाया गेलेलं काम. स्लॅब फोडून नवा टाकणं जड वाटतं, पण माझ्या मते तेच स्वस्त पडतं, कारण ते एकदाच करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ जमिनीला द्या. पूल खणताना भोवती टाकलेली माती हा भराव असतो, आणि तो थरांनी दाबलेला नसेल तर बसतोच. १५ सेंटिमीटरच्या थरांत माती टाकून, जराशी ओली करून धुम्मस करा. ठोकणीचं यंत्र भाड्याने मिळतं. वर १० सेंटिमीटर खडी, तीही दाबून. स्लॅबची जाडी १० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. सळयांची जाळी जमिनीवर पसरून नंतर हुकने वर ओढायची पद्धत सोडा, ती कधीच हव्या तिथे राहत नाही. ती कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उचलून ठेवा, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात.

काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे ५० किलो सिमेंटला साडेबावीस लिटर, वाळूतली ओल त्यातच धरून. जिथे पाणी गोठतं अशा थंड प्रदेशात हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारं मिश्रण घ्या, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात वरची साल निघते. ओतल्यावर वर आलेलं पाणी आटू द्या. पृष्ठभागाची चमक जाईपर्यंत आणि उभं राहिल्यावर बुटाचा ठसा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उमटेपर्यंत रंधा लावू नका. ही वाट बघणं अवघड जातं, कारण काम करणाऱ्यांना घरी जायचं असतं. आधीच त्यांना सांगून ठेवा की आज उशीर होणार.

१० सेंटिमीटरच्या स्लॅबला दर अडीच ते तीन मीटरवर सांधा हवा, खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, आणि कापायचा तो कडा न तुटता ब्लेड चालायला लागल्याबरोबर, बहुतेक त्याच दिवशी किंवा रात्री. तुकडे शक्यतो चौरस ठेवा. पूलला जिथे कोपरा किंवा तीव्र वळण आहे आणि जिथे स्किमरचं, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचं, चौकोनी झाकण आहे, तिथून भेग निघणारच असते. म्हणून सांध्याची रेघ मुद्दाम त्या कोपऱ्यातून न्या. आमच्या जुन्या स्लॅबला स्किमरच्या दोन कोपऱ्यांतून दोन तिरक्या भेगा गेल्या होत्या आणि सांधा मात्र हातभर अंतरावर कोराच्या कोरा होता.

सात दिवस ओलं ठेवा. गोणपाट पसरून त्यावर पाणी, वर प्लॅस्टिक. नुसतं सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारलं की मधल्या वेळात स्लॅब वाळतो आणि पुन्हा भिजतो, त्याला ओलं ठेवणं म्हणत नाहीत. वर सजावटीचा थर द्यायचा असेल तर २८ दिवस थांबा.

दुरुस्तीनंतर महिन्याभराने

हातोडी आणि खडू पुन्हा काढा आणि सगळा डेक वाजवा, विशेषतः काठालगतचा पट्टा. नवा थर सुटणार असेल तर बद्द आवाज पोपड्याच्या कितीतरी आधी येतो. एखादी तळहाताएवढी जागा बद्द वाजली तर ती लगेच चौकोनी कापून काढा आणि पोपड्याची पाठ बघा. पाठ कोरडी आणि गुळगुळीत निघाली तर तेवढीच जागा घासायची राहून गेली होती, ती भरून टाका. ओलसर निघाली तर त्या जागेसमोरच्या सांध्यावर पेलाभर पाणी ओता आणि सीलंट कुठे सुटलंय ते शोधा. आमच्याकडे शिडीजवळ एका जागी तसं सापडलं होतं. वीतभर सीलंट कापून काढलं, फट वाळू दिली, नवी दोरी आणि नवं सीलंट घातलं, आणि ती जागा वाळल्याची प्लॅस्टिकच्या चौकोनाने खात्री केल्यावरच वर माल लावला.